बर्फातून उष्णता निघते? आणि ती मोजायला बुटाच्या खोक्याएवढे उपग्रह पुरतात?

नाना_साताराकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

नात आठवीत आहे. शाळेत एखाद्या अंतराळ मोहिमेवर पाच मिनिटं बोलायचंय. वर्गातल्या निम्म्या पोरांनी चांद्रयान घेतलं, म्हणून हिने हट्टाने नासाची 'प्रीफायर' मोहीम उचलली. माहिती मी जमवून दिली. दोन छोटे उपग्रह, पहिला २५ मे २०२४ ला आणि दुसरा ५ जून २०२४ ला न्यूझीलंडमधल्या माहिया इथून उडाला. काम एकच : दोन्ही ध्रुवांकडून किती उष्णता अंतराळात निघून जाते ते मोजायचं. इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग जेवताना तिने विचारलं, "आजोबा, तिथे तर नुसता बर्फ आहे. बर्फातून उष्णता कुठून निघणार?"

छत्तीस वर्षं मी मराठी आणि इतिहास शिकवला. घास हातात तसाच राहिला.

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. उपग्रह म्हटलं की मारुती व्हॅनएवढं धूड डोळ्यांपुढे येतं. हे दोघे पंख मिटले तर बुटाच्या खोक्याएवढे. एवढ्याशा डब्याने अख्ख्या ध्रुवाची उष्णता मोजायची म्हणजे वाण्याच्या तागडीत हत्ती तोलण्यासारखं नाही का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. सोप्या भाषेत टाकावा.

टवाळखोर

पयला!

नाना, फ्रीजच्या मागे हात लावून बघा. बर्फाची उष्णता तिथून निघते. (हलके घ्या)

निफाडचा_गडी

उपग्रहाचं मला कळत नाही, पण बर्फ नसतानाही रात्री उष्णता कशी निघून जाते ते आम्ही दर डिसेंबरात बघतो. आभाळ आलेलं असलं की रात्र उबदार, फक्त रोगाची भीती. आभाळ मोकळं, वारा पडलेला, चांदण्या स्वच्छ दिसायला लागल्या की पोटात गोळा येतो. पहाटे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा येतो, पाच अंश, सहा अंश. द्राक्षाचे मणी तडकतात. मग रात्रभर बागेत शेकोट्या आणि ठिबक चालू. जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, अडवायला कोणी नसतं.

तरंगलांबी

@निफाडचा_गडी, अर्धा धागा तुम्हीच सोडवलात. उरलेला अर्धा मी प्रयत्न करते. (कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, सवयीने लांबण लागेल.)

नाना, गडबड 'थंड' या शब्दात आहे. बर्फ आपल्या हातापेक्षा थंड आहे, इतकंच. त्यात उष्णता नाही असा त्याचा अर्थ होत नाही. उणे २७३ अंशांच्या वर असलेली प्रत्येक वस्तू किरणांवाटे उष्णता बाहेर टाकत असते. तुम्ही, तुमचा चहा, फ्रीजमधला बर्फ, सगळेच. २७ अंशाची जमीन दर चौरस मीटरमागे साधारण ४६० वॅट फेकते. उणे ३३ अंशाचा बर्फ फेकतो साधारण १८८. म्हणजे शंभर वॅटचे जवळजवळ दोन बल्ब, एका चौरस मीटरात, रात्रंदिवस. आता आर्क्टिक आणि अंटार्क्टिका मिळून किती चौरस मीटर होतात ते नातीला गुणू दे.

हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, ते अवरक्त असतात. वस्तू जितकी थंड तितकी त्यांच्या लाटांची लांबी जास्त. ती मायक्रॉनमध्ये मोजतात, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या अंगाचा जोर ९ मायक्रॉनच्या आसपास, उणे ३३ च्या बर्फाचा १२ च्या आसपास, आणि तिथून पुढे लांबच लांब शेपूट. त्या बर्फाने फेकलेल्या उष्णतेपैकी सुमारे ६० टक्के १५ मायक्रॉनच्या पलीकडे असते. याला सुदूर अवरक्त म्हणायचं. आणि नेमका हाच पट्टा आजवर नीट, सलग कोणी मोजला नव्हता. १९७० च्या निंबस-४ उपग्रहावरच्या उपकरणाने २५ मायक्रॉनपर्यंत पाहिलं होतं, त्यानंतर बहुतेकांनी १५ च्या आसपासच थांबणं पसंत केलं. प्रीफायर ५ पासून ५३ पर्यंत जातं.

आणि एक गंमत. ताजं हिम उन्हासाठी पांढरं असतं, ८०-९० टक्के ऊन परत पाठवतं. पण अवरक्तात तेच हिम जवळजवळ काळंकुट्ट असतं. म्हणजे उष्णता फेकण्यात तव्याच्या तोडीचं. डोळ्यांना पांढरं दिसतं म्हणून आपण फसतो.

@टवाळखोर, तुमचा विनोद चुकून बरोबर आहे.

टवाळखोर

'चुकून' शब्दाचा निषेध.

शुद्धलेखन_काका

ताई, प्रतिसाद उत्तम. फक्त 'बर्फ' आणि 'हिम' यांची सरमिसळ करू नका. भुरभुरतं ते हिम, गोठून घट्ट झालेलं ते बर्फ. आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळ्यावरचा, म्हणून सगळं एकाच पोत्यात जातं. शिवाय 'अवरक्त' हा शब्द मला कधीच पटला नाही, जखमेतून काहीतरी वाहतंय असं वाटतं.

तरंगलांबी

काका, अव म्हणजे खालचं, रक्त म्हणजे तांबडं. तांबड्याच्या खालचं. शब्द चांगला आहे हो. पण हिम-बर्फाचा मुद्दा एकदम मान्य, आणि तो नुसता भाषेचा नाही. भुसभुशीत हिम, समुद्रावरचा घट्ट बर्फ, वितळून साचलेलं डबकं आणि उघडं पाणी, सगळ्यांची उष्णता फेकण्याची ताकद सुदूर अवरक्तात थोडी थोडी वेगळी असते. किती वेगळी ते हवामानाच्या गणितांत बरंचसं गृहीत धरून चालवलं जायचं. ते गृहीतक तपासणं हे प्रीफायरचं एक मोठं काम आहे.

शंकासुर

माफ करा, पण यात नवीन काय? नासाची 'सेरेस' नावाची उपकरणं टेरा उपग्रहावरून २००० सालापासून पृथ्वीची बाहेर जाणारी उष्णता मोजतायत. नंतर अॅक्वा आणि आणखी उपग्रहांवरही बसवली. पाव शतकाचा हिशोब हातात आहे. मग 'मोजलीच नव्हती' हे कसं? का निधी मिळवायला गोष्ट रचावी लागते?

तरंगलांबी

प्रश्न रास्त आहे. सेरेस एकूण बेरीज सांगतं. वीजबिलाची शेवटची ओळ म्हणा. महिन्याला अमुक रुपये. ती अगदी नीट सांगतं, वाद नाही. पण गीझरने किती खाल्ली, फ्रीजने किती, हे त्या ओळीत नसतं. कोणत्या लांबीच्या किरणांतून किती गेली हे कळलं तर ती हिमातून गेली, ढगातून गेली की वाफेने वाटेत गिळली हे वेगळं करता येतं. बिल वाढलं हे सेरेस सांगेल, कशाने वाढलं ते सांगायला प्रीफायरच्या ६३ पट्ट्या (किरणांचे लांबीनुसार केलेले ६३ भाग) लागतील.

शंकासुर

वीजबिलाचा दाखला दिलात की मी गप्प बसतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? ठीक. पण आकाराचा मुद्दा उरतोच. एवढं महत्त्वाचं होतं तर मोठा, भरभक्कम उपग्रह का नाही पाठवला?

आगाऊ_कार्टी

कारण मोठ्या उपग्रहाला मोठी फाईल लागते आणि मोठ्या फाईलला मोठ्ठी सही लागते.

सोल्डरगन

आता माझी पाळी. कॉलेजात असताना दोन वर्षं आम्ही पोरं मिळून एक क्यूबसॅट बनवत होतो (कॉलेजचं नाव नको, उडाला नाही).

क्यूबसॅट हे माप आहे. १९९९ मध्ये स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्स आणि कॅल पॉलीचे जॉर्डी पुइग-सुआरी यांनी ठरवलं की विद्यार्थ्यांनी बनवायचा उपग्रह १० सेंमीचा ठोकळा असावा. ट्विग्ससाहेबांना माप सुचलं ते दुकानातल्या कापडी खेळण्याच्या पारदर्शक डबीवरून. एक ठोकळा म्हणजे १ यू. प्रीफायरचे दोघे ६ यूचे. सगळ्यांचं माप सारखं असल्यामुळे रॉकेटमधला सोडायचा डबाही ठरलेला. टिफिनच्या डब्यांसारखं, कोणाच्याही घरचा असो, डबेवाल्याच्या पेटीत बसतो.

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या पोरांचा 'स्वयम्' आठवतो का? जेमतेम एक किलोचा, २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. त्या उड्डाणात एकूण २० उपग्रह होते आणि मानाचा पाट कार्टोसॅटचा. बाकीचे शेअर रिक्षात बसल्यासारखे. रिक्षा जिथे जाईल तिथे उतरायचं, 'भाऊ, जरा पुढच्या गल्लीत घ्या' म्हणता येत नाही. प्रीफायरने मात्र स्वतःची रिक्षा केली. रॉकेट लॅबचं इलेक्ट्रॉन रॉकेट छोटंसं, साधारण १८ मीटर उंचीचं. एका उपग्रहाला एक अख्खं रॉकेट, आणि दोघांमध्ये ११ दिवसांचं अंतर. हवी तीच कक्षा मिळाली. शंकासुर, आकाराबद्दल विचारताय, पण मला वाटतं खरी चैन इथे आहे.

आता आमची फजिती. विजेचा दाब ठरवणारी एक चिप टेबलावर तासन्‌तास मस्त चालायची, बोट ठेवलं तर कोमटही नाही. निर्वात पेटीत बोर्ड ठेवला, हवा काढली, वीस मिनिटांत चिप गेली. धूरसुद्धा नाही, नुसता आकडा शून्य. आम्ही सोल्डर तपासत बसलो रात्रभर. सकाळी सरांनी विचारलं, "पंखा कुठल्या हवेला वारा घालणार होता?" टेबलावर असताना आजूबाजूची हवा गुपचूप उष्णता वाहून नेत होती. निर्वातात ती वाट बंद. उरते एकच, किरण फेकत राहणं. आम्ही शेवटी तांब्याची पट्टी लावून ती उष्णता बाहेरच्या पत्र्यापर्यंत नेली आणि पत्रा काळा रंगवला.

हा धागा वाचताना जाणवलं, पृथ्वीचंही तेच आहे. तिच्याही भोवती निर्वातच. आलेली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडेही तोच एक मार्ग.

टवाळखोर

म्हणजे ध्रुव म्हणजे तुमचा काळा पत्रा.

तरंगलांबी

@टवाळखोर, आज तुम्हाला झालंय काय? अगदी तसंच. विषुववृत्ताकडे ऊन जास्त पडतं, तिथे उष्णतेची शिल्लक राहते. वारे आणि समुद्राचे प्रवाह ती ध्रुवांकडे वाहून नेतात, आणि ध्रुव जेवढी उन्हातून घेतात त्यापेक्षा जास्त बाहेर टाकतात. घरातलं सगळं पाणी जसं उतारावरून मोरीत जातं तसं.

शुद्धलेखन_काका

पृथ्वीची मोरी! अंटार्क्टिकाला एवढा मान आजवर कोणी दिला नव्हता.

आगाऊ_कार्टी

मोरी तुंबली की आई काय बोलते ते ऐकलंय. पृथ्वीची तुंबली तर?

तरंगलांबी

तुंबते ती वाफेने. पाण्याची वाफ सुदूर अवरक्त गिळते. मुंबईच्या मे महिन्यातल्या हवेत तर हा पट्टा जवळजवळ बंदच असतो, जमिनीवरून निघालेला लांब किरण वरपर्यंत पोचतच नाही. ध्रुवावरची हवा इतकी कोरडी की तिथे ही खिडकी किलकिली उघडी राहते. हवा तापली की ती जास्त वाफ धरते, म्हणजे खिडकी आणखी मिटणार. किती मिटते आणि किती वेगाने, हेच मोजायचंय.

हिमवारा

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज राहवलं नाही. मी अंटार्क्टिकातल्या भारताच्या 'मैत्री' ठाण्यावर एक हिवाळा काढला आहे, तांत्रिक कर्मचारी म्हणून. जायच्या आधी औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फातलं प्रशिक्षण, मग गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय केंद्रात कागदपत्रं, मग केप टाउन. १९८९ चं ठाणं, खडकाळ शिर्माकर ओॲसिसवर, शेजारी प्रियदर्शिनी तलाव. पिण्याचं पाणी त्यातूनच.

तरंगलांबी म्हणतात ते अंगावर घेतलंय. तिथल्या लांब रात्रीत आभाळ मोकळं आणि वारा थांबलेला असेल तर बाहेर पडल्यावर नाकातले केस कडक होतात. पाणी खेचणारा पाइप गोठू नये म्हणून त्याला गुंडाळलेली तापवायची पट्टी तपासायला माझी पाळी असायची. हातमोजा काढून स्क्रू फिरवायला किती वेळ मिळतो ते तेव्हा कळलं. तिसऱ्या स्क्रूला बोटं माझी राहत नसत. पण त्याच रात्री ढग सरकून आले की तास-दोन तासांत पारा वर चढायचा. सूर्य नाही, काही नाही. सूर्य तर जवळजवळ दोन महिने दिसतच नव्हता. नुसत्या ढगाच्या गोधडीने एवढा फरक.

तर @शंकासुर, 'दोन उपग्रह का' याचं उत्तर मला वाटतं इथे आहे. एका उपग्रहाने दुपारी एक आकडा टिपला आणि परत दुसऱ्या दिवशी आला, तर मधल्या वेळात ढग येऊन गेला हे त्याला कळणारच नाही.

सोल्डरगन

अगदी. दोघांच्या कक्षा वेगळ्या आहेत. ध्रुवांजवळ त्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात आणि तीच जागा काही तासांच्या अंतराने दोघांना दिसते. पहिल्याने पाहिलं तेव्हा हिम होतं, दुसऱ्याने पाहिलं तोवर वर ढग आला किंवा खाली पाणी झालं, तर फरक पकडता येतो. एक मोठा उपग्रह कितीही भारी असला तरी एका वेळी दोन ठिकाणी नसतो.

मॅडिसनवासी

इकडून, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनातून बोलतोय. आमच्या गावच्या विद्यापीठाचे ट्रिस्टन लेक्युएर या मोहिमेचे प्रमुख आहेत. उपकरण नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने बनवलं आणि येणाऱ्या आकड्यांवरची प्रक्रिया इथे चालते. माझा त्याच्याशी संबंध शून्य, मी त्या इमारतीवरून बसने जातो एवढंच. पण नानांसाठी एक इतिहासाची गोष्ट.

याच विद्यापीठात व्हर्नर सुओमी नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी डॉक्टरेट केली कशावर? मक्याच्या शेताच्या उष्णतेच्या हिशोबावर. शेतात किती ऊन आलं, किती परत गेलं, किती पिकाने वापरलं. त्यांना वाटलं, शेताचं जमतं तर पृथ्वीचं का नाही? मग त्यांनी आणि रॉबर्ट पॅरेंट यांनी काळे-पांढरे छोटे अर्धगोल बनवले. काळा सगळंच घेतो, पांढरा ऊन परत पाठवतो पण अवरक्त घेतो, दोघांच्या तापमानातल्या फरकावरून ऊन किती आणि उष्णता किती ते काढायचं. त्यांचा पहिला प्रयत्न १९५९ च्या जूनमध्ये रॉकेट फसल्याने बुडाला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला एक्सप्लोरर-७ वरून ते वर गेलं आणि पृथ्वीच्या उष्णतेचा पहिला हिशोब अवकाशातून आला.

एक्सप्लोरर-७ चं वजन होतं जेमतेम ४२ किलो. म्हणजे या शास्त्राची सुरुवातच छोट्या उपग्रहाने झाली. धुडं नंतर आली.

निफाडचा_गडी

मक्याच्या शेतावरून उपग्रह! बापूंना वाचून दाखवतो. ते म्हणतील, मग द्राक्षावरून काय काय होईल.

शंकासुर

गोष्ट छान, पण मी अजून पटलेलो नाही. अचूकपणाचं काय? मोठ्या उपग्रहात अवरक्त मोजायला शोधक यंत्र थंडगार ठेवावं लागतं, नाहीतर ते स्वतःचीच उष्णता मोजत बसतं. खोक्यात ते शीतयंत्र कुठे बसवलं?

तरंगलांबी

नाही बसवलं, आणि तीच या उपकरणाची खुबी आहे. त्यात थर्मोपाइल आहेत. करोनात सोसायटीच्या गेटवर वॉचमन कपाळाला बंदूक लावायचा ती आठवते? तिच्या आत थर्मोपाइलच असतो. दोन वेगळे धातू जोडले, एका टोकाला ऊब लागली की बारीकशी वीज तयार होते, तिच्यावरून तापमान. याला थंड करावं लागत नाही. प्रीफायरमध्ये असे ६४ बाय ८ चे ठिपके आहेत. तंत्र नवंकोरं नाही, मंगळाभोवती फिरणाऱ्या एमआरओ यानावरच्या हवामान मोजणाऱ्या उपकरणाचा वारसा आहे.

'स्वतःचीच उष्णता' हा धोका खराच. म्हणून उपकरणातला आरसा फिरत राहतो. कधी पृथ्वी, कधी रिकामं आकाश, कधी आतलीच तापमान माहीत असलेली एक काळी तबकडी. रिकाम्या आकाशाकडे बघून शून्य पक्कं करायचं. सोनार वजन करण्याआधी तराजू रिकामा धरून बघतो तसं.

शंकासुर

मान्य. तरी टिकाऊपणा? मुळात मोहीम १० महिन्यांची. हवामान दशकांत बदलतं. १० महिन्यांच्या वहीने काय सिद्ध करणार? आर्क्टिक जगाच्या अडीच पट वेगाने तापतंय असं नासा म्हणते, फिनलंडवाल्यांचा २०२२ चा अभ्यास म्हणतो जवळजवळ चौपट. यातलं खरं कुठलं हेच जिथे ठरत नाही...

मॅडिसनवासी

ते भांडण वाटतं तेवढं मोठं नाही. मोजायला १९७० च्या दशकात कुठून सुरुवात केली आणि 'आर्क्टिक' कुठल्या रेषेपासून धरलं यावर आकडा हलतो. दोघेही 'जास्त वेगाने' यावर एकमत आहेत.

मुदतीबद्दल : १० महिने उलटले, दोघे चालू राहिले, मग नासाने मुदत वाढवली आणि ध्रुवांपुरतं न ठेवता सगळ्या पृथ्वीवर मोजायला सांगितलं. पण तुमचा मूळ मुद्दा मला पटतो. दशकांची नोंद ठेवायला असे डबे एकामागून एक पाठवत राहावे लागतील. दोन पाठवून सुटका नाही.

तरंगलांबी

सहमत. छोटा उपग्रह मोठ्याची जागा घेत नाही. तो आधी जाऊन वाट दाखवतो. युरोपची अंतराळ संस्था याच कामासाठी मोठा उपग्रह बनवतेय, २०२७ मध्ये सोडायचं ठरलंय, १०० मायक्रॉनपर्यंत मोजणार. नाव आहे 'फोरम'.

टवाळखोर

म्हणजे चर्चा भरपूर, निष्कर्ष नाही, आणि प्रचंड उष्णता बाहेर. नाव अचूक ठेवलंय.

शुद्धलेखन_काका

हा प्रतिसाद या धाग्याच्या माथ्यावर लावा कोणीतरी.

आगाऊ_कार्टी

प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला)

हिमवारा

भारताचं काही नाही का यात, असा प्रश्न येईलच म्हणून आधीच लिहितो. फ्रान्सबरोबरच्या 'मेघा-ट्रॉपिक्स'वर स्काराब नावाचं उष्णतेचा हिशोब मोजणारं उपकरण होतं, १२ ऑक्टोबर २०११ ला उडालं. पण त्याची कक्षा मुद्दाम विषुववृत्ताला धरून, कल फक्त २० अंश, कारण विषय आपला पाऊस. म्हणजे घरात उष्णता येते ते दार आपण मोजलं, मोरी नाही. ध्रुवावर आपली माणसं मात्र आहेत : मैत्री, भारती, आणि उत्तरेला स्वालबार्डमध्ये २००८ पासून 'हिमाद्री'. वरून मोजलेलं खरं की खोटं हे शेवटी जमिनीवर उभं राहून मोजलेल्याशी ताडावं लागतंच.

सोल्डरगन

आणि नाना, तुमच्या हत्तीचं राहिलं. इतिहासाचे मास्तर तुम्ही, तुळापूरला हत्ती कसा तोलला म्हणून सांगतात? मोठी तागडी नव्हती. शहाजीराजांच्या युक्तीने हत्ती होडीत उभा केला, होडी किती बुडाली तिथे खूण केली, मग तेवढी बुडेपर्यंत दगड भरले आणि दगड साध्या तागडीत तोलले. हत्ती तोच, तागडी वाण्याचीच.

नाना_साताराकर (धागाकर्ता)

सोल्डरगन, मास्तराला त्याच्याच पुस्तकातून छडी. मुकाट्याने हात पुढे केला आहे.

सगळ्यांचे आभार. काल रात्रीचा वृत्तांत देतो. तरंगलांबीताईंचं बंदुकीचं वाचून नात हट्टाला पेटली. कपाळाची बंदूक शेजारी होती, पण ती बर्फासमोर धरली की नुसतं 'लो' म्हणते. शेवटी एसी दुरुस्तीवाल्या पोराकडून त्याची धंद्याची बंदूक रात्रीपुरती मागून आणली. गच्चीवर गेलो. फरशी १९ अंश. माझं कपाळ ३३. सरळ वर मोकळ्या आकाशाकडे धरली तर उणे १६! मी म्हटलं बिघडली. मग अजिंक्यताऱ्याच्या बाजूला एक ढगाची पट्टी होती, तिच्याकडे धरली तर उणे २. चार वेळा करून पाहिलं. निफाडकर, तुमच्या पोटातला गोळा आकड्यात दिसला.

मग नातीने खाली पळत जाऊन फ्रीजमधला बर्फाचा ट्रे आणला. त्यावर बंदूक, उणे ७. ती गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, बर्फातून काहीच निघत नसतं तर हिने वाचलं काय?"

भाषणाची सुरुवात ती याच वाक्याने करणार आहे. मी लिहून दिलेली प्रस्तावना (कवितेच्या दोन ओळींसह) बाद झाली.

तरंगलांबी

नाना, डोळ्यांत पाणी आलं हो. हे वाक्य मी पुढच्या वर्षी वर्गात चोरणार.

एकच पुस्ती, तिला सांगा : ती बंदूक साधारण ८ ते १४ मायक्रॉनच पाहते. त्यापलीकडे बर्फ जे बोलतो ते तिला ऐकू येत नाही. त्यासाठी ते दोन डबे.

शंकासुर

मी अजूनही म्हणतो दोन कमी आहेत. पण ट्रेवाली पोरगी पटली.

निफाडचा_गडी

नाना, ती एसीवाल्याची बंदूक कितीला मिळते? रात्री बागेतून आभाळाला लावून बघायचं म्हणतो. जास्त उणे दाखवलं की पोरांना उठवतो, शेकोट्या पेटवायला.

नाना_साताराकर (धागाकर्ता)

हजार-दीड हजार म्हणाला. आणि परत करायला गेलो तर विचारत होता, रात्रभर कुठला एसी तपासत होता काका?